टेबलावरचं फळ

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली, उन्हाळ्यातल्या एका मंगळवारी, फळांच्या वखारीत मालकाने बायकोच्या डोक्यात पेटीचं फळकूट घातलं. कारण एवढंच, की तिने कच्च्या अ‍ॅव्होकाडोच्या चार पेट्या थंड खोलीत ठेवल्या होत्या.

चूक तिची होतीच. कच्चं फळ थंडीत गेलं की आतून काळवंडतं, मग धड पिकत नाही. आधी उबेच्या खोलीत, केळ्यांच्या घडाशेजारी पिकवायचं आणि पिकल्यावरच थंडीत ठेवायचं, हे सासूने तिला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. पण त्या दिवशी तिचा एक डोळा आदल्या मारामुळे बंद होता, आणि दोन्ही खोल्यांची दारं सारखीच होती.

हमालांनी किंकाळी ऐकली. कुणी आत गेलं नाही. वखारीत म्हणच होती, फळावर डाग पडला की बाईवर पडतो.

सासू तिथेच पेट्या उघडत होती. तिने हातातली कटावणी खाली ठेवली, सुनेच्या डोक्याला पंचा बांधला आणि तिला मागच्या घरी नेऊन निजवलं. लेकाला ती एक शब्द बोलली नाही. ती कधीच बोलत नसे. लोक म्हणत, म्हातारीचं काळीज फळाच्या कोयीचं आहे. बुधवारी पहिल्या बसने तिने सुनेला माहेरी धाडलं. तिथल्या दवाखान्यात सात टाके पडले.

त्यानंतर मालक कुणाला दिसला नाही. दारूपायी तो चार-चार दिवस गायब असे, म्हणून कुणी विचारलंही नाही. शनिवारी माल पाठवायला थंड खोली उघडली, तेव्हा तो पेट्यांमागे सापडला. डोकं मागून फुटलं होतं. एका घावाने नाही, पाच-सहा घावांनी. रक्त गोठून फरशीला चिकटलं होतं, त्याला उचलताना केस फरशीवरच राहिले.

डॉक्टरांनी हात टेकले. थंडीत राहिलेल्या देहाचा दिवस सांगता येत नाही म्हणाले.

फौजदाराने सुनेला बोलावून घेतलं. ती डोक्याला पट्टी बांधून वखारीच्या दाराशी उभी राहिली. हिशोब सरळ होता. मालक मंगळवारी मेला असेल तर हिनेच मारला, कारण तिच्याइतकं कारण कुणाकडे नव्हतं. त्यानंतर मेला असेल तर ती गावात नव्हती, दवाखान्याचा कागद होता.

फौजदाराने हमालांना एकेक करून विचारलं. त्यांच्यातला सर्वांत हडकुळा, ज्याला सगळे पैलवान म्हणत, त्याने मालकाच्या टेबलाकडे बोट केलं. ट्रक मंगळवारी आणि गुरुवारी येई. ट्रकवाला पेट्या अंगणात उतरवून निघून जाई. मालक वखारीत असला की त्या मालातलं एक फळ निवडून टेबलावर ठेवी. ते पिकलं की सगळा माल पिकला समजायचा. त्या टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावला तर हाताचं हाड राहत नसे.

टेबलावर एक फळ होतं. मोठं, गोल, हिरवंगार. ते गुरुवारच्या मालातलं असेल, तर मालक गुरुवारी जिवंत होता.

फौजदाराने म्हातारीला हाक मारली. फळाचा दिवस ओळखण्यात तिचा हात धरणारा कुणी नव्हता. आता फळांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. तेव्हा माणसाच्या तळव्यावर धंदा चाले. शिवाय मेलेला तिचा एकुलता एक मुलगा होता. सुनेला वाचवायला ती खोटं का बोलेल?

ती उबेच्या खोलीत गेली आणि एक काळंभोर फळ घेऊन आली. "हे चार दिवस बाहेर राहिलेलं," ती म्हणाली. "आलं तेव्हा हिरवं होतं."

"आणि टेबलावरचं?"

"तुमच्या समोर आहे. बघा."

फौजदाराने अंगठा पुढे केला.

"दाबू नका साहेब. आमच्याकडे फळ कुणी दाबत नाही. डाग आज दिसत नाही, परवा दिसतो."

त्याने ओशाळून हात मागे घेतला. पैलवानाने फळाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, आणि तो विडी ओढायला बाहेर गेला. पंचनाम्यात लिहिलं गेलं: टेबलावर एक फळ, रंग हिरवा, गुरुवारचं. नासणारा पुरावा कचेरीत कोण ठेवणार, म्हणून फळ तिथेच राहिलं. सून सुटली.

मारेकरी कधी सापडला नाही. फौजदार बढती घेऊन दूर गेला आणि तिकडेच निवृत्त झाला. पैलवानाला म्हातारीने मुकादम केलं. तो मरेपर्यंत वखारीत राहिला आणि त्या फळाबद्दल त्याने तोंड उघडलं नाही. सुनेने पुढची तीस वर्षं धंदा चालवला. कामाला लागणाऱ्या प्रत्येक पोरीला ती आधी दोन वाण शिकवी. एक पिकताना काळा पडतो. दुसरा पिकला तरी हिरवाच राहतो, तो डोळ्यांना नाही, तळव्याला कळतो. म्हातारी चौऱ्याऐंशीव्या वर्षी सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

त्या शनिवारी मात्र सून सोडून सगळे गेल्यावर म्हातारी टेबलाशी आली. तिने ते हिरवं फळ तळव्यावर घेतलं आणि सुरी लावली. सुरी लोण्यात जावी तशी आत गेली.

सून जवळ आली. "आई, तुम्ही माझ्यासाठी हे केलंत. पण खरंच सांगते, मी त्यांना हात लावला नाही."

"ठाऊक आहे गं मला." म्हातारीने अर्धं फळ तिच्यापुढे सरकवलं. "खा. तुझं रक्त हातावरून धुऊन त्याने हे निवडलं, टेबलावर ठेवलं आणि थंड खोलीत जाऊन माझ्याकडे पाठ करून उभा राहिला, तेव्हाचं आहे."