राहून गेलेला मायनस

अष्टपुत्रे सरांनी ग्रंथालयात लाल पेनाचं टोपण काढलं. त्यांनी लिहिलेल्या कॅल्क्युलसच्या पुस्तकात एका गणितात मायनस छापायचा राहिला होता. प्रकाशक दर आवृत्तीला ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणायचे, म्हणून दर जूनला सर इथं बसून नव्या प्रतींत तो हातानं घालायचे. कॉलेज हसायचं; सरांना ते मानपत्रच वाटायचं.

पहिली प्रत उघडली, तर मायनस आधीच लाल. दुसरीतही तेच.

“रेश्मा, नव्या प्रती कुठायत गं?”

रेश्मा मुजावर त्यांचीच विद्यार्थिनी, आता त्यांच्याच विभागात शिकवणारी. ती चाचरली. “मागवल्या नाहीत, सर. यंदा इंटरनेटवरचं मोफत पुस्तक लावलंय. तुम्ही रजेवर होतात तेव्हा ठरलं.”

“फुकटचं कोण वाचतं?”

“तुमचं पुस्तक मी वाचलं की, सर. तुम्ही दिलेली प्रत फुकटच होती.”

सरांनी हात पुढे केला. “दाखव. चुका असतीलच.”

मोबाइलवर पानं सरकवता सरकवता त्यांचा चेहरा उजळला. “हे बघ, कंस सुटलाय!”

रेश्मानं तिथंच दोन ओळी टाइप केल्या. “पुस्तक करणाऱ्यांना कळवलं, सर. त्यांनी दुरुस्त केलं की सगळ्यांच्या पुस्तकात एकदमच बदलेल.”

“सगळ्यांच्या?”

“हो.”

“मग जूनमध्ये मी काय करू?”

सरांनी जुनीच प्रत पुन्हा पुढ्यात ओढली आणि फिकट पडलेला मायनस सावकाश गिरवला.