रविवारची आवणी

सोमवारी उजाडताच काळुराम चिखलात उतरला आणि रविवारी लावलेलं भात उपटायला लागला.

निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. काहींची मुळं वर, शेंडे खाली. शहरातून आलेल्या सौमित्रची ओळ निघाली होती बांधाकडे आणि पोचली होती शेजारणीच्या गुंठ्यात. बाळकुमच्या एका सोसायटीतली दहा घरं यंदा आंबिवलीजवळच्या काळुरामच्या शेताची भागीदार झाली होती. घरटी एक गुंठा, गुंठ्यावर नावाची पाटी, आणि आवणी, म्हणजे रोपांची लावणी, स्वतःच्या हातानं. पोरं चिखलात लोळली, मोठ्यांनी फोटो काढले, गाड्या परत गेल्या. भाताचं काय, ते भाताला ठाऊक.

पण यंदा भात पिकायलाच हवं होतं. मुलगा प्रीतम म्हणालेला, "बाबा, ही लोकं पुढल्या साली परत आली तर शेत ठेवू. नाय आली तर बिल्डरला सही." आणि काळुराम हो म्हणून बसलेला.

"त्यांनी लावलेलं आपण उपटलं, हे त्यांना कळलं तर?" बायको, शीला, बांधावरून म्हणाली.

"कोन सांगनार हाय? तू?"

शीला हसली, पदर खोचून उतरली. चार-पाच रोपांची जुडी, जवळजवळ, घट्ट. बापजाद्यांनी रोवली तशी दोघं रोवत चालली. शीला गुणगुणत होती,

रोपा माझे बाई, तुझी पाठवणी आज
चिखलाच्या सासरी लेव हिरवा साज

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच गुंठा उरला. प्रमोदिनीबाईंचा. बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. रविवारी सगळे जेवायला गेले तरी या वाकलेल्याच. नवरा विश्रामराव रोप हातात देणार, या लावणार. एकेकच रोप, आणि दोहोंत वीतभर अंतर.

"एका जागी एकच रोप. शेती हाय का रांगोळी?" काळुराम उपटायला वाकला.

शीलानं त्याचा हात धरला. "राहू द्या. नातवंडं निजवावी तशी निजवलीत त्यांनी. एक गुंठा बुडला तर बुडला."

कंबरही दुखत होतीच. काळुरामनं तो सोडला.

दिवाळीनंतर झोडणी झाली. प्रत्येकाचं भात वेगळं मोजायचं, हा सौमित्रचा हट्ट. काटा आंब्याला टांगला. बावीस किलो. तेवीस. एकवीस. दर पोत्याला टाळ्या. जो तो आपल्या हातांकडे कौतुकानं बघत होता. वाजवा, वाजवा, काळुराम मनात म्हणत होता.

मग प्रमोदिनीबाईंचं पोतं चढलं. चौतीस. उतरवून पुन्हा चढवलं. चौतीसच.

"काका," सौमित्र म्हणाला, "प्रमोदिनीकाकूंच्या गुंठ्यात काय वेगळं केलंत?"

काळुराम काट्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांची आवणी डोळ्यांपुढून गेली, जुडी-जुडीनं. आणि तोंडातून खरं तेच निसटलं.

"तिथंच तर मी हात नाय लावला."

शीलानं पदर तोंडाला लावला. प्रमोदिनीबाईंनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे बाकीचे नऊ गुंठे...?"

"दोन दिवस लागले," काळुराम पडेल आवाजात म्हणाला.

प्रीतमनं कपाळावर हात मारला. सौमित्र आपल्या बावीस किलोंच्या पोत्याकडे असा बघत होता, जणू ते दुसऱ्याच कुणाचं आहे. कुणीतरी फसकन हसलं, तरी सौमित्रचा पारा उतरेना.

"पुढच्या वर्षी," तो बोट रोखून म्हणाला, "आमच्या एकाही रोपाला हात लावायचा नाही, काका. समजलं?"

काळुरामनं जोरजोरात मान हलवली. त्या रागातले पहिले दोनच शब्द त्याला ऐकू आले होते.