पंधरा अंश डावीकडे

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ठमी एकमताने जिंकली. सव्वाचारला, असं काही झालंच नव्हतं, हेही एकमताने ठरलं. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

साडेतीनला श्वानपालक संघाच्या खोलीत समितीचे सहाजण टेबलाभोवती बसले होते आणि ठमी टेबलाखाली पसरली होती. ठमी चिटणीसबाईंची कुत्री. उंची, रंग, शेपटी, सगळं नियमात. फक्त मान सरळ. आणि संघाच्या नियमावलीत कलम चार होतं : 'उभे असताना मान पंधरा अंश डावीकडे कललेली असावी.' चाळीस वर्षं लोकांनी वेचून वेचून तशी पैदास केली होती. मान नियमात नसेल तर नोंद नाही, आणि नोंद नसेल तर नसबंदी. हे कलम पाच. ठमीची तारीख उद्याची होती. तो आदेश टाइप करायचं काम चिटणीसांचं, म्हणजे बाईंचंच. सकाळपासून त्यांनी तो तीनदा टाइप करून तीनदा पुसला होता.

"सरळ मान उद्धट दिसते," दातांचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या घरी अकरा तिरपी कुत्री होती. त्यांच्याकडे बघून बघून डॉक्टरांची स्वतःची मानही जराशी कलली होती.

"दिसण्याचं राहू द्या हो, डॉक्टर," टेलरमास्तर म्हणाले. सरळवाल्यांचे ते पुढारी. गळ्यात टेप तसाच होता. "निम्मी पिल्लं सरळ मानेची जन्मतात. त्यांच्या वतीने समितीत एक तरी खुर्ची द्याल की नाही?"

"देऊ की. तिरपी ठेवू."

अध्यक्षांनी टेबलावर कोनमापक आपटलं. ते त्यांच्या नातवाच्या कंपासपेटीतलं होतं आणि संघाचं एकमेव अधिकृत उपकरण होतं. "मूळ फोटो बघा आणि गप्प बसा," ते म्हणाले.

मूळ फोटो भिंतीवर होता. सुभेदार, या जातीचा मूळपुरुष. मान डावीकडे, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर काहीतरी थोर विचार. हनुवटीखाली कुणाचा तरी हात. हा हात मालकाच्या मायेचा, असं संघाच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. प्रदर्शनात फोटो काढताना सगळे आपापल्या कुत्र्याला तसाच हात लावत.

साक्षीसाठी कंपाउंडर आजोबांना बोलावलं होतं. जनावरांच्या दवाखान्यात सुभेदाराची मापं टिपून घेतली होती ती त्यांनीच. आजोबा फोटोजवळ गेले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हा हात माझा," ते म्हणाले.

कुणालाच काही कळेना. "तुमचा कसा?" अध्यक्षांनी विचारलं.

"मग कुणाचा? कान फुटला होता त्याचा. उजव्या कानात थेंब घातले की पाच मिनिटं मान डावीकडे धरून ठेवायची, नाहीतर औषध बाहेर येतं. तेवढ्यात फोटोवाला उगवला. मालक मला म्हणाले, मापंही आहेत तशीच लिहून घे. घेतली."

"आणि पाच मिनिटांनी?" बाईंनी विचारलं.

"पाच मिनिटांनी सोडला. कान फडफडवले, माझा शर्ट भिजवला आणि सरळ मानेने घरी गेला."

तेव्हा चार दहा झाले होते. सहा हात वर गेले. कलम चारमध्ये 'सरळ' असा बदल मंजूर, ठमीची नोंद मंजूर. बाई टाळी वाजवणार, तेवढ्यात दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, "म्हणजे आता कलम पाच आमच्या कुत्र्यांना लागू?"

संघाच्या वहीत दोनशे चौदा तिरपी कुत्री होती. मास्तरांनाही आपल्या घरची धाकटी कुत्री आठवली. ती नेमकी तिरपी निघाली होती. त्यांनी गळ्यातला टेप काढून खिशात घातला.

सव्वाचार वाजले. मघाचं मतदान झालंच नाही, असं अध्यक्षांनी जाहीर केलं आणि एकानेही हरकत घेतली नाही.

बाईंचे हात टाळीच्या अलीकडे तसेच राहिले. आपण जिंकलो होतो का, की आत्ता हरलो, की अजून सभा सुरूच व्हायची आहे, काही समजेना.

"एका माणसाच्या तोंडी सांगण्यावर कलम बदलता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. "मूळ कुत्र्याची फेरमोजणी करा."

"अहो, तो जाऊन छत्तीस वर्षं झाली," आजोबा म्हणाले.

"तसं संघाला लेखी कुठे कळवलंय कुणी?"

बाईंनी वही उघडली. खरंच कळवलं नव्हतं. मूळपुरुषाच्या नावापुढे 'मृत' लिहायचा धीर आजवर एकाही चिटणीसाला झाला नव्हता. रकाना कोरा होता. बाईंनी त्या कोऱ्या रकान्याकडे बराच वेळ बघितलं.

"आणि मोजणी होईपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"होईपर्यंत सगळं जैसे थे. कुणाला बाद करायचं नाही."

"ठमीलासुद्धा?"

"ठमीलासुद्धा. लिहा."

आपलं नाव ऐकून ठमीने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं आणि मान कलती केली. उजवीकडे. सगळ्यांनी ताबडतोब छताकडे बघितलं.

बाई टाइप करायला बसल्या. या वेळी एकदाही पुसलं नाही.

'श्री. सुभेदार यांस, संघाच्या वतीने विनंती करण्यात येते की, ही सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत आपण कानात थेंब न घालता, व हनुवटीखाली कोणाचाही हात न घेता, फेरमोजणीसाठी समक्ष हजर राहावे. आपण येईपर्यंत कु. ठमी हिच्यावर कारवाई होणार नाही. दिलेल्या मुदतीत येणे न जमल्यास मुदत आपोआप वाढेल; तरी कृपया घाई करू नये.'