जवळचं माणूस

दाराचं कुलूप तुटून कडीला लोंबत होतं. म्हातारा कामावरून परतून गल्लीत शिरला आणि ते बघून जागीच थबकला. भरदिवसा घर फोडलं, एवढंच त्याच्या मनात आलं. तेवढ्यात आतून दोघं बाहेर आली. निवृत्त बसड्रायव्हरच्या हातांवर म्हाताऱ्याची नात होती. शेजारची इस्त्रीवाली पोरीचं मनगट आवळून धरून त्याच्या बरोबरीने चालत होती. तिच्या बोटांमधून रक्त ठिबकत होतं.

"खाली ठेवा तिला!" म्हातारा ओरडला. "माझं दार तोडायला कुणी सांगितलं होतं?"

"खिडकीची काच फुटून हातात घुसलीये, आजोबा," इस्त्रीवाली न थांबता म्हणाली. "ओरडायचं ते टेम्पोत बसून ओरडा."

गल्लीत कुणी आजारी पडो, कुणाच्या घरात पाणी शिरो, ही दोघं आणि त्यांची मंडळी हजर असायची. म्हातारा त्यांना 'नसती उठाठेव मंडळ' म्हणायचा. तो इथे राहायला आला तेव्हा ती दोघं दारात आली होती. काही लागलं तर हाक मारा, म्हणाली होती. "आमचं आम्ही बघू," एवढं बोलून त्याने दार लावून घेतलं होतं.

तो पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होता. शाळा सुटली की नातीला घरी आणायचा, जेवायला घालायचा, बाहेरून कुलूप लावायचा आणि पुन्हा कामावर जायचा. ती कुलपात आहे म्हणजे सुखरूप आहे, या एका विचारावर त्याची दुपार निघायची. जावई आधीच गेला होता. मागच्या वर्षी मुलगीही दवाखान्यात गेली, ती परत आलीच नाही. त्याचं म्हणावं असं आता हे एवढंच पोर उरलं होतं.

टेम्पो गादीवाल्याचा होता. मागे गाद्यांवरच पोरीला निजवलं. इस्त्रीवाली तिच्याशेजारी गुडघे टेकून बसली, पण मनगटावरची पकड तिने सोडली नाही. म्हातारा पायथ्याशी बसला. नोकरीत असताना या ड्रायव्हरची बस कधी वेळेवर आली नाही, असं सगळी गल्ली म्हणायची. आज मात्र त्याने टेम्पो असा हाणला की म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी फळी धरून ठेवली.

पोरीचे ओठ पांढरे पडले होते.

"आजोबा, रागावू नका," ती पुटपुटली. "मी नुसती काचेला रेलून बाहेर बघत होते. सगळे खेळत होते ना."

म्हाताऱ्याने तिचं पाऊल हातात घेतलं. ते गार लागत होतं.

"बोलत राहा तिच्याशी," इस्त्रीवाली म्हणाली. "झोपू देऊ नका."

मग तो बोलत राहिला. काय बोलला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

दवाखान्याच्या दारात त्याचे पाय अडखळले. ड्रायव्हरने दंडाला धरून त्याला आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी जखम बघत विचारलं, "कसं झालं हे? घरात कोणी नव्हतं?" ड्रायव्हर काहीतरी सावरून सांगायला पुढे झाला, पण म्हाताऱ्याने त्याला मागे सारलं.

"मी कोंडून गेलो होतो," तो म्हणाला.

पोरीला आत नेलं. दार बंद झालं. म्हातारा त्या दाराकडे बघत उभाच राहिला. कुणी बस म्हटलं तरी बसेना, पाणी दिलं तरी घेईना.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर थकवा होता, पण त्या हसत होत्या.

"शीर कापली गेली होती. शिवली आहे. बोटं हलवतेय आणि भूक लागली म्हणतेय," त्या म्हणाल्या. "वाटेत हात सोडला असता तर अवघड होतं."

म्हातारा मटकन खाली बाकावर बसला. त्याला रडू फुटलं. ड्रायव्हर शेजारी बसून त्याच्या पाठीवर थोपटत राहिला. "झालं, झालं आता," म्हणता म्हणता तोही डोळे पुसू लागला.

इस्त्रीवाली समोर उभी राहून आपली बोटं चोळत होती. आखडलेली बोटं अजून सरळ होत नव्हती.

"आजोबा," ती जरा भीतभीतच म्हणाली, "उद्या-परवा घरी आली की दुपारची माझ्याकडे बसू दे. मी इस्त्री करते, ती अभ्यास करेल. माझं दार उघडंच असतं."

म्हातारा तिच्या हातांकडे बघत राहिला.

तेवढ्यात नर्स आली. "आज तिला इथेच ठेवणार आहोत. मुलांच्या वॉर्डात सोबतीला बाईमाणूस लागतं. आणि नात्यातलंच हवं, परक्याला आत सोडत नाही." ती इस्त्रीवालीकडे वळली. "तुम्ही कोण पेशंटच्या?"

इस्त्रीवालीने मान खाली घातली. "मी आपली शेजार..."

म्हातारा उठून उभा राहिला.

"मावशी आहे तिची," तो म्हणाला. "माझी धाकटी मुलगी."