बाबांचं हसू

चर्चमध्ये शवपेटीजवळ ठेवायला बाबांचा एकही गंभीर फोटो सापडेना. जिथे तिथे आपली बत्तीशी दाखवताहेत, अगदी परवाच्या बारशातसुद्धा.

“कॉम्प्युटरवर ओठ मिटवून देतो. कळणारही नाही,” स्टुडिओवाला म्हणाला.

मी मान डोलावणार, तेवढ्यात आईने विचारलं, “त्यांचं दुखणं कधीपासूनचं, ठाऊक आहे तुला?”

“गेल्या महिन्यापासून.”

“तुला गेल्या महिन्यात कळलं. ते तर दोन वर्षं रोज सकाळी पलंगाला धरून गुडघे टेकायचे. ‘प्रभू, मला बरं कर’ असं कधी म्हणाले नाहीत. ‘पोरांसमोर हसता येऊ दे,’ एवढंच मागायचे.”

मग ती स्टुडिओवाल्याकडे वळली.

“प्रभूने दिलेलं आहे ते, भाऊ. राहू द्या.”