भरलेली गाडी

"चार मिनिटं! योगिनी, अगं चाळीसची चार!" रविराज सरांनी टेबलावर अशी थाप मारली की तिचा चहा हिंदकळला.

स्क्रीनवर हिरवी खूण आली होती. योगिनीला मात्र खुर्चीत बसवेना.

जादूटोणा काही केला नव्हता तिने. शहराबाहेरच्या एका मार्केटसाठी त्यांची कंपनी अ‍ॅप करत होती. भाजीची गाडी घरून निघाली की शेतकऱ्याने फोनवरून नंबर लावायचा. त्याच नंबराने गेटवर गाडी आत घ्यायची. अ‍ॅपच्या सर्व्हरला लागणारं सगळं सामान एका कंटेनरच्या इमेजमध्ये, म्हणजे एका बंद डब्यात बांधून पाठवावं लागे. आणि आजवर कोडमधलं एक अक्षर बदललं तरी अख्खं बिऱ्हाड पहिल्यापासून बांधलं जाई. बसा चाळीस मिनिटं माश्या मारत! योगिनीने न बदलणारं जड सामान खाली घालून एकदाच बांधून ठेवलं, रोज बदलणारा कोड वर ठेवला, अडगळ फेकून दिली. उरली होती प्रत्येक बांधणीत, म्हणजे बिल्डमध्ये, चालणारी एक टेस्ट, 'घाट' नावाची.

ती कुंदनने लिहिलेली. कुंदन नोकरी सोडून पुण्याला गेला, टेस्ट इथेच राहिली. वर त्याची एक ओळ: 'वणीच्या पलीकडच्या घाटात रेंज जाते. अकरा मिनिटं.' तेवढा वेळ फोनचा पत्ता नसला तरी गाडीचा नंबर टिकतो का, हे बघायला ती टेस्ट खरोखर अकरा मिनिटं नुसती थांबून राही. सर म्हणाले होते, काढून टाक. योगिनीने काढली नाही. तिने सर्व्हरला खोटं घड्याळ दिलं, अकरा मिनिटं क्षणात सरली, नंबर टिकला. हिरवं!

"साडेबाराला मार्केटचे मल्हारी भाऊ येतायत," सर म्हणाले. "त्यांच्यासमोर दाखवायचं हे. सोमवारपासून गेटवर सुरू. आणि तुझं पर्मनंटचं पत्र आजच टाइप करायला देतो, काय?"

"हो सर."

सहा महिने ज्या पत्राची वाट पाहिली ते पत्र. नाचावं की नाही माणसाने? आणि हिच्या डोक्यात आपलं एकच. अकरा आले कुठून? दहा का नाहीत, वीस का नाहीत?

ती उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली. सव्वाबारा वाजले. शेवटी गॅलरीत जाऊन तिने वडिलांना फोन लावला. मोतीराम तात्या तीस वर्षं त्याच घाटातून टोमॅटो आणत होते. आत्ता माल उतरवून, द्वारका चौकात पिकअप कडेला लावून ते चहा घेत होते. मागे हॉर्नचा नुसता कालवा.

"तात्या, घाटात रेंज किती वेळ जाते?"

"काय गं, जेवली का?"

"आधी सांगा ना! अकरा मिनिटं जाते का?"

"अकरा?" तात्या हसले. "रिकामी गाडी आसल तर. घरी जाताना. भरल्या गाडीला लय चढ हाय तिथं, पयल्या गिअरवर कण्हत चालती. बावीस धर. पुढं ट्रॅक्टर आला तर इचारूच नको."

आलं लक्षात! कुंदन आपल्या कारने गेला असणार, एकटा, गाणी ऐकत.

सर्व्हर पंधरा मिनिटं वाट बघायचा आणि मग गाडी येत नाही असं धरून नंबर काढून टाकायचा. म्हणजे सोमवारी तात्या पहाटे सगळ्यांच्या आधी निघणार आणि गेटवर सगळ्यांच्या मागे उभे राहणार, उन्हात, टोमॅटो घेऊन. तेही पोटच्या पोरीच्या अ‍ॅपमुळे! तिला रडूच यायचं बाकी राहिलं. ती धावत जागेवर आली, टेस्टमध्ये अकराचे बावीस केले आणि बिल्ड पुन्हा चालवला.

चार मिनिटं. ती नखं खात राहिली.

लाल.

"हे काय करून ठेवलंस?" सर धावत आले. "अकरा कर, अकरा कर आधी! जिन्यात आहेत ते."

"सर, कुंदन रिकाम्या गाडीने गेला होता."

"कोण कुठे गेला होता ते मला नको सांगूस! आजचा दिवस अकरा कर, उद्या बघू सावकाश. पत्र हवंय ना तुला?"

हवं होतं. फार हवं होतं. एक आकडा तर बदलायचा, त्यात काय? तिची बोटं कीबोर्डवर गेली, थांबली.

तेवढ्यात दार उघडलं. मल्हारी भाऊ टोपीने वारा घेत आत आले आणि सरळ स्क्रीनपाशी उभे राहिले.

"हे लाल कशाचं हो?"

"काही नाही भाऊ, जरा..." सरांनी सुरुवात केली. योगिनी खुर्चीतून उठली.

"भाऊ, तुमच्या गेटवर सकाळी गाड्या भरून येतात ना?"

"मंग? रिकाम्या कशाला येतील?"

"म्हणून लाल आहे."