आतली कडी

भागोजी सुतार रत्नागिरीला कामाला जायचा आणि रात्री-अपरात्री परतायचा, म्हणून त्याच्या बायकोने, गोदाने, दाराला आतून कडी कधी बसवूच दिली नव्हती. सुताराच्याच घराला कडी नाही म्हणून वाडी हसायची. तो वारल्यावरही ती दार नुसतं लोटून झोपायची. मग शेजारी चोरी झाली, आणि एकट्या गोदाने कडी बसवायला भागोजीचं बॅटरीवरचं ड्रिल बाहेर काढलं. ते चालेना. देवरूखच्या दुकानदाराने बॅटरी उघडून पाहिली. "काकी, आतले सेल मेलेत. नवं ड्रिलच घ्या ना." "नको रे, हेच चालू करून दे. ह्यांच्या हातातलं हाय." त्याने नवे सेल जोडून दिले. घरी येऊन तिने दाराला भोकं पाडली, स्क्रू पिळले. संध्याकाळी कडी सरकवली. आता भागोजी आला तर त्याला दार वाजवावं लागणार होतं, म्हणून ती कितीतरी वेळ दाराशीच बसून राहिली.